मुहूर्तापुरतं

रविवारची सकाळ. हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये वसुमती नारळ खवत होती आणि तिची लेक मनस्विनी ओट्याला टेकून उद्याचं व्याख्यान म्हणून दाखवत होती. ती कॉलेजात इतिहास शिकवते, विषय जगातल्या क्रांत्या.

"राजे नुसते तोफांनी पडत नाहीत. रोज वाकणारी माणसं एक दिवस वाकायचं नाकारतात, तेव्हा पडतात."

वसुमतीला भरून आलं. नवरा गेल्यावर या पोरीला तिनं एकटीनं वाढवलं होतं.

तेवढ्यात दीर भीमाचार्य आले. "वहिनी, मनस्विनी-प्रणीतच्या लग्नाचं ठरवून टाकू. कन्यादान मी आणि तुमच्या जाऊबाई करतो. तुम्ही स्वल्प आत बसा. विधवेनं मंटपात..." वाक्य पुरं करायचीही त्यांना गरज वाटली नाही.

वसुमतीनं लेकीकडे पाहिलं. आता ही कडाडणार, याची तिला खात्री होती.

"मुहूर्तापुरतंच गं आई," मनस्विनी म्हणाली. "प्रणीतची काहीच हरकत नाही, पण त्याच्या आजी आहेत ना! त्या दिवशी तमाशा नको. नंतर फोटोत तू मधोमध. सरी? चालेल ना?"

काय हा समजूतदारपणा! घरात कुणीच दुष्ट नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? विधवेला गोडीगुलाबीनं कोपऱ्यात बसवायला आपण चांगलेच शिकलो आहोत.

लग्नाच्या दिवशी वसुमती कल्याणमंटपाच्या कोठीघरात, नारळांच्या पोत्यांशेजारी बसली. गुरुजींनी कन्यादानासाठी हाक दिली, जाऊबाई पदर सावरत पुढे झाल्या. ते दारातून दिसलं आणि वसुमतीला बसवेना. ती उठली ती थेट मंटपात.

"जन्म मी दिलाय. कन्यादान मीच करणार."

"वहिनी, चार लोक बघताहेत!" भीमाचार्य दबक्या आवाजात खेकसले.

वसुमती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या एका शब्दाचं काम होतं.

मनस्विनीनं मान खाली घातली. "आई, प्लीज, आत जा ना."

वसुमती आत गेली नाही. सगळ्यांच्या देखत, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती समोरच्या दारातून बाहेर पडली आणि रिक्षात बसली. मागे नादस्वर जोरात सुरू झाला.

फोटोत मधोमध जाऊबाई आहेत. मनस्विनी अजूनही क्रांत्या शिकवते, फार छान शिकवते म्हणतात. वसुमतीनं मात्र कोठीघरात बसणं कायमचं सोडलं. हल्ली तिला लग्नाची आमंत्रणं येत नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरच्या मागच्या लग्नात तुमची वसुमती कुठे बसली होती?