लोहाराचा डावा खांदा

लोहार बायकोला मारतो, एवढंच दृश्य होतं, पण त्याने अख्ख्या बाहुलीपटाच्या स्टुडिओला घाम फोडला होता. गोष्ट जुनी, चेक मुलखात, मोराव्हियातल्या आज्या सांगतात तसली. पात्रं लाकडाची, आत लोखंडी हाडं. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. दोघा गड्यांनी हात दाखवून पाहिले आणि दिग्दर्शक श्रामेक म्हाताऱ्याने दोन्ही रिळं भिरकावून दिली. "हा मारतोय होय रे? माशा हाकलतोय! जन्मात कुणाला थोबाडीत मारली नाहीत वाटतं?"

"मी करते," ब्लाझेना म्हणाली.

सगळे हसले. ब्लाझेना म्हणजे कोकरं नि नाचणाऱ्या पोरी करणारी. तिच्या नवऱ्याने, लुबोरने, तर टाळीच वाजवली. "घ्या! आता लोहार बायकोला गुदगुल्या करणार!"

बाहुल्यांची लोखंडी हाडं घडवायचा तो लुबोरच. स्टुडिओचा लाडका गडी. शनिवारी बिअरच्या गुत्त्यामागे चेंडूने लाकडी खुंट्या पाडायचा खेळ रंगे, तेव्हा चेंडू टाकण्याआधी तो डावा खांदा पाडायचा आणि उजवा तळवा मांडीवर दोनदा पुसायचा. लगेच सगळे ओरडायचे, "पुसला रे पुसला! आता खुंट्यांचं काही खरं नाही!"

घरी दार लागलं की तो तेच करायचा. खांदा पाडायचा, तळवा दोनदा पुसायचा, आणि कानामागे हाणायचा, केसांत, जिथे वळ दिसत नाही. एकदा ब्लाझेनाने धीर करून हेडविकाला सांगितलं होतं. हेडविका बाहुल्यांचे कपडे शिवायची, वयाने मोठी, ब्लाझेनाला आईच्या जागी. ती म्हणाली, "लुबोर? अगं, तो मुंगीसुद्धा मारायचा नाही. तूच काहीतरी लागट बोलली असशील." झालं! त्या दिवसापासून ब्लाझेनाने तोंड मिटलं. जिना, सायकल, निसरडा बर्फ. पडायला कारणांना काय तोटा? पण एका तरी माणसाने आपलं खरं मानावं, ही आस काही सुटेना.

लोहार तिने उभा केला. आधी त्याचा डावा खांदा पाडला. मग तळवा मांडीवर आणला, केसाकेसाने पुसला, एकदा, दोनदा. मग तो हात वर उचलायला घेतला.

दुपारी लुबोर बाहुलीचा सैल कोपर आवळायला आत आला. चित्रण चालू असताना टेबलाला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला धर्म. टेबल किंवा दिवा हलला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तो लांबूनच वाकला. बघता बघता त्याचं हसू विरलं. त्याने मागे जाऊन दाराला कडी घातली.

"हे काय मांडलंयस?"

"लोहार आहे."

"मला शिकवतेस, भवाने?"

पहिला फटका कानामागे बसला. दुसऱ्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि तोंडात रक्त आलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. टेबलापासून जमेल तितकी लांब सरकत राहिली, आणि कोसळताना तिचा हात तोंड वाचवायला न जाता दिव्याची दांडी सावरायला गेला. लुबोरचीही तीच गत. बायकोच्या बरगडीत लाथ घालणारा तो माणूस दिव्याच्या वायरीवरून मात्र पाय अलगद उचलून गेला. इतक्या वर्षांची सवय, जाते कुठे! दिवा तसूभर हलला नाही.

"सांधा निसटला, दृश्य वाया गेलं, असं सांगायचं," तो धापा टाकत म्हणाला. "नाहीतर ही बोटं पान्यात घालून पिरगाळीन. मग हलव बाहुल्या."

तो गेल्यावर ती जमिनीवरच बसून राहिली. भीती होतीच, पण तिच्यावर ताण करणारा संताप आला होता. लोहाराची बायको पडते कशी, हे तिला इतके दिवस उमगत नव्हतं. स्वतःला पडताना कोण बघतं? आज तिने पाहिलं होतं. तोंडातलं रक्त पुसून ती उठली आणि पुन्हा टेबलाशी उभी राहिली.

रात्री उकडलेल्या पिठाच्या वाफाळत्या क्नेडलीकी त्याच्या ताटात वाढताना ती म्हणाली, "सांधा निसटला."

"शहाणी माझी," लुबोर म्हणाला.

रिळं धुऊन आली की ती अख्ख्या स्टुडिओने एकत्र बघायची, सुतारापासून शिंपिणीपर्यंत, हा तिथला रिवाज. लुबोर बाटली घेऊन पुढच्या रांगेत पाय पसरून बसला. अंधार झाला. पडद्यावर लोहार आला आणि त्याने डावा खांदा पाडला.

"अरे, हा तर आपला लुबोर!" कुणीतरी खिंकाळलं. लोहाराने तळवा मांडीवर घासला तसा सगळ्यांनी एकच गिल्ला केला, "पुसला रे पुसला!"

मग लोहाराने मारलं. कानामागे, केसांत.

हसणं जागच्या जागी मेलं. लोहार मारत राहिला. त्याची बायको भिंतीवर आदळली, आणि पडता पडता तिने हात लांबवून टेबलावरचं मडकं सावरलं. फुटू नये म्हणून, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. मडकं वाचलं. ती नाही.

दिवे लागले. मग हेडविका उठली, ब्लाझेनापाशी आली आणि तिच्या कानावरचे केस बाजूला केले. कानामागचं ते काळंनिळं सगळ्यांना दिसलं. "पोरी," हेडविका रडत म्हणाली, "तू सांगितलं होतंस गं मला. मेली मी, मी ऐकलं नाही."

"अरे, लाकडाच्या बाहुल्या त्या!" लुबोर ओरडला. "हिचं काय ऐकता?" तो उठला, खुर्च्या लाथाडत ब्लाझेनाकडे निघाला. डोकं फिरलेला माणूस, पण अंगाची खोड काही जाईना. त्याचा डावा खांदा खाली गेला. तळवा मांडीवर आला आणि एकदा घासला गेला.

सगळी खोली उभी राहिली. पुढे काय येतं ते आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. सुतारांनी त्याची वाट अडवली. श्रामेक म्हाताऱ्याने काठी उलटी धरली. हेडविका ब्लाझेनाच्या पुढ्यात आली, आणि तिच्या मुठीत कात्री होती. लुबोरचा तळवा मांडीवरच चिकटून राहिला. तो दुसऱ्यांदा काही पुसला गेला नाही.

मागून मशीनवाल्याने चाचरत विचारलं, "रीळ गुंडाळून ठेवू का?"

"नको," ब्लाझेना म्हणाली. "पुन्हा लाव. पहिल्यापासून."