समुद्र ओलांडलेलं सोवळं

मी नऊ वारांचं एक जुनं रेशमी सोवळं आहे. रंग डाळिंबी, काठ हिरवा, मुक्काम रामघाट, काशी. देवाचा नैवेद्य रांधताना बायका मला नेसतात. एरवी मी उंच वलणीवर असते आणि मला कोणी हात लावत नाही. मित्रांनो, असं आयुष्य फार मानाचं असतं आणि फार कंटाळवाणं. माझं मात्र निराळं झालं. मी सिनेमात गेले.

माझा जन्म याच शहरातल्या हातमागावर झाला. शरदिनीच्या आईनं मला तिच्या लग्नासाठी विणून घेतलं. शरदिनी रामघाटावरच्या वैदिकांच्या घरात सून म्हणून आली, आणि वर्षाच्या आतच घाटावर एका विलायती सिनेमाचं शूटिंग सुरू झालं.

नायिका होती आयलीन गार्व्ही. आयर्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावातल्या पाववाल्याची मुलगी. डब्लिनला नाटकात कामं करून ती लंडनला सिनेमात गेली. तिथं तिनं इजिप्तची राणी केली, स्पेनची जोगीण केली, रशियाची सरदारीण केली. आयरिश बाईचं काम एकदाच चालून आलं होतं. तिचे उच्चार पुरेसे आयरिश वाटत नाहीत म्हणून ते लंडनच्याच एका मुलीला मिळालं. या खेपेला ती मराठ्यांची राणी होती.

कंपनीनं तिला एक चकचकीत पातळ दिलं होतं. ते केवळ पिनांच्या भरवशावर होतं. राणी ऐटीत घाटाच्या पायऱ्या उतरू लागली, पिना सुटल्या आणि साऱ्या घाटासमोर पातळ पायांशी आलं. पुरुषांनी नजर वळवली, पण सावकाश. शरदिनी स्नान करून मला नेसायला निघाली होती. तिनं काही विचार न करता मला उलगडलं आणि त्या बाईभोवती गुंडाळलं. मग आडोशाला नेऊन कासोटा घालून नीट नेसवलं. दिग्दर्शक म्हणाला, हेच पाहिजे. त्या दिवसाचं सगळं शूटिंग माझ्यावरच झालं.

पुढचे प्रसंग लंडनच्या स्टुडिओत व्हायचे होते. राणी काशीत दाराबाहेर पडणार आणि लंडनमध्ये आत शिरणार, तेव्हा लुगडं तेच हवं. आयलीननं हात जोडले. दुभाष्या म्हणाला, "बहूजी, एक महीने में वापस." शरदिनीनं मान हलवली.

सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"देवाचं सोवळं मडमेला? ते येईस्तोवर तू नैवेद्याच्या चुलीजवळ फिरकायचं नाहीस. आणि ते काही येत नाही!"

"येईल," शरदिनी म्हणाली.

लंडनमध्ये मला कसं नेसायचं ते कोणालाच कळेना. स्टुडिओच्या शिंप्यानं ठरवलं की मला कापावं, शिवावं आणि मागं चेन लावावी. कात्री काठाला टेकलीही होती.

"ते उसनं आणलंय," आयलीन म्हणाली. "कापलंत, तर मी निघाले."

मग ती आठवून आठवून स्वतःच नेसायला शिकली. रोज कासोटा सुटायचा, रोज शूटिंग लांबायचं. बाई हट्टी आहे, असं सगळीकडे झालं. सिनेमा पडला. समीक्षकांनी स्तुती केली ती माझी. आयलीनला पुढं राण्या मिळाल्या नाहीत. आत्या मिळाल्या, मोलकरणी मिळाल्या, दारात उभं राहून रडणाऱ्या शेजारणी मिळाल्या. कंपनी बुडाली तेव्हा जुन्या कपड्यांच्या ढिगातून तिनं मला घरी आणलं. धाडणार कुठं? तिला ना नाव ठाऊक होतं, ना पत्ता. काशी, घाट आणि एक सून, एवढ्यावर कुठलंही टपालखातं पार्सल पोचवत नाही.

नव्वद सालानंतर टीव्हीवर तिचे जुने सिनेमे दाखवू लागले. लोकांना ती जिवंत असल्याचा शोध लागला. दिल्लीच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं, आणि तिथून ती मला घेऊन थेट काशीला आली. शूटिंगचा एक फोटो नावाड्यांना दाखवत दाखवत रामघाटाला लागली.

"आई," शरदिनीचा मुलगा विश्वजीत ओरडला, "एक बुजुर्ग मेमसाब आल्यात. लुगडं घेऊन!"

सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. तरी शरदिनीनं चुलीला हात लावला नव्हता. परत येईल असं मी म्हणाले ना, मग येऊ दे, असा तिचा हेका. नैवेद्य थोरल्या जाऊबाई, गीता, रांधत होत्या.

"घ्या!" शरदिनीचे यजमान नरहरराव म्हणाले. "सोवळं समुद्र ओलांडून आलं. आता आधी त्यालाच प्रायश्चित्त द्या."

शेजारचे विश्वेश्वरशास्त्री हसले नाहीत. "विटाळाचं सोडा, रेशीम धुऊन शुद्ध होतं. पण सिनेमावाल्यांकडे होतं ना? त्याला सुई लागली असेल, तर संपलं. शिवलेलं वस्त्र सोवळ्याला चालत नाही."

 शरदिनीनं मला मांडीवर घेतलं आणि काठावरून बोट फिरवायला सुरुवात केली.  उत्तर मला ठाऊक होतं, पण लुगड्याची साक्ष कोण घेतो? काय चाललंय, असं आयलीननं विचारलं. विश्वजीतनं सांगितल्यावर ती भडाभडा बोलत सुटली. कात्री, शिंपी, स्टुडिओ, हातची गेलेली कामं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"काय म्हणतात रे?" शरदिनीनं मुलाला विचारलं.

"शिंप्याशी वाजलं होतं म्हणतात."

शरदिनी दुसऱ्या पदराशी पोचली. तिथलीही घडी उलटून तिनं उजेडात धरली.

"एक टाका नाही," ती म्हणाली, आणि मला छातीशी धरून रडू लागली.

"मग माझं काही म्हणणं नाही," शास्त्री म्हणाले, आणि अर्धा तास बोलत राहिले.

सर्वांत मोठा सुस्कारा गीताबाईंनी टाकला. "सुटले गं बाई! घे तुझी चूल. आयुष्यभर माझी कंबर मोडलीस."

दुसऱ्या दिवशी मी धुऊन, वाळून पुन्हा कामावर रुजू झाले. शरदिनीच्या हाताची सवय मोडली होती; वरणात मीठ दुप्पट पडलं. देवानं तक्रार केली नाही. नरहररावांनीही केली नाही, हे या घरात प्रथमच घडलं. आयलीननं दोनदा मागून घेतलं.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू परत करायला उशीर होऊ शकतो. लोक बोलतील, बोलू द्या. पण तुमच्याकडे आहे तोवर तिला कात्री लागू देऊ नका. तिकडे कोणाची तरी चूल अडलेली असते.