नासपतीच्या फोडी तांबूस पडल्या तेव्हा

मी एक लाकडी ट्रे बोलतोय. कोरियातल्या इंचॉन शहरात, एका उंच इमारतीत, सोहेच्या आईच्या स्वयंपाकघरात राहतो. आईच्या लग्नात सोहेच्या मावशीने मला बाजारातून निवडून आणलं, ते पाहुण्यांपुढे चहा न्यायला. पण सोहे आठवीत गेली, गणितात गटांगळ्या खाऊ लागली आणि माझं काम बदललं.

इथे शिकवणी अर्ध्यावर आली की आई फळं कापून आत नेते. परत आलेल्या ट्रेकडे निरखून बघते. मी खाऊ नेतो की खबर आणतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आधीचे एक सर सगळं फळ एकटेच संपवायचे. दुसऱ्या ताई इतकं बोलायच्या की खायचं राहूनच जायचं. सोहेचा फळ खायचा काटा मात्र दोन्ही वेळा कोराच.

मग बोरा आली. कॉलेजचं पहिलं वर्ष, शिकवण्याचा अनुभव शून्य. अनुभव नाही म्हणून किती घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. तो पहिला तास नुसता पारखून बघण्याचा होता. आईला पटलं तरच शिकवणी मिळणार. आई दारात म्हणाली, "या बाई," तर हिने मागे वळून पाहिलं. बाई कोण, ते तिलाच उमगलं नाही.

मी आत गेलो तेव्हा सोहे विचारत होती, "मायनस गुणिले मायनस प्लस का?"

"नियमच आहे तसा," बोरा म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. गणित तिला येत होतं, सांगता येत नव्हतं.

आई मला टेबलावर ठेवून गेली. नासपतीला कुणी हात लावेना. मी गोंधळलो. फोडी आंबट आहेत का? की माझ्यावरच काही डाग आहे? हळूहळू फोडी तांबूस पडू लागल्या.

शेवटी सोहे म्हणाली, "बाई, तुम्ही घेतल्याशिवाय मला कसं घेता येईल? मोठ्या तुम्ही आहात."

बोरा बघतच राहिली. "मी? अगं, घरी मी शेंडेफळ. कुणीतरी आधी घेईल म्हणून थांबले होते." तिला हसू फुटलं. "खरं सांगू? ते मायनसचंही मला कुणी समजावलं नव्हतं. चल, शोधू."

दोघी खाऊ लागल्या. खाता खाता बोरा थबकली. "समज, दर मिनिटाला इथल्या दोन फोडी कमी होतात. मायनस दोन. आता तीन मिनिटं मागे जा. मागे, म्हणून मायनस तीन. तेव्हा ट्रेमध्ये किती होत्या?"

सोहेने माझ्याकडे एकटक पाहिलं. "आत्तापेक्षा सहा जास्त." मग हळूच, "प्लस सहा."

बोरा गेल्यावर आईने विचारलं, "कशा वाटल्या बाई?"

"त्यांनाही सगळं येत नाही," सोहे म्हणाली.

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. पण तिने मला उचललं, बराच वेळ पाहिलं. दोन्ही काटे चिकट होते.

"मंगळवारी दोन नासपती कापाव्या लागतील," ती म्हणाली.

आता माझी कड झिजली आहे आणि कोण कुणाला शिकवतं, याचा माझा गोंधळ तसाच आहे. तुमच्या घरी कुणी नवखी बाई शिकवायला आली आणि नुसतीच अवघडून बसली, तर एवढं करा. तिला सांगा, आधी तुम्ही घ्या.