जास्तीच्या फुटी

चैताली वाचायची अशी, की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जिथल्या तिथे. पण वाचून झाल्यावर "काय वाचलंस गं?" असं विचारलं, की ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. निव्वळ पोपटपंची. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत ती मराठीतच अडकली, आता जूनमधली फेरपरीक्षा तेवढी उरली होती. तिची आई झुंबरबाई पिंपळगावजवळच्या द्राक्षबागेत मजुरीला जायची. तिनं शाळेत येऊन लेकीसमोरच सांगून टाकलं, "आता नापास झाली तर बस झालं मॅडम. माझ्यासंगं बागेत येईल."

हे बोलणं वर्गशिक्षिका ज्योत्स्नाबाईंच्या जिव्हारी लागलं. मे महिन्याच्या सुट्टीतही त्या रोज नाशिकहून बसने येऊन चैतालीला शिकवू लागल्या. नुकत्याच त्या एका प्रशिक्षणात माइंड मॅप शिकून आल्या होत्या. कागदाच्या मधोमध विषय, त्याला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या, की झाला धडा डोळ्यांसमोर उभा. बाईंना कुठलंही काम थोडक्यात उरकणं ठाऊक नव्हतं. त्यांनी कार्डशीटभर असा रंगीत नकाशा काढला, की धड्यातली एक ओळ सुटली नाही. अति तिथे माती, पण बाईंना हे सांगणार कोण? चैतालीनं तो हुबेहूब उतरवला, घडाघडा पाठही केला. नवा उतारा दिला, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. बाईंना त्या दिवशी रडूच आलं.

दुपारी झुंबरबाई लेकीला न्यायला आली. हाताला अजून द्राक्षाच्या पाल्याचा हिरवा डाग होता. भिंतीवरच्या कागदापुढे ती थबकली.

"हे काय, वेल हाय का?"

"तसंच समजा. हा धडा आहे."

"मग एवढ्या फुटी कशापायी ठेवल्या?"

छाटणीनंतर वेलाला ढीगभर नव्या फुटी येतात. त्यातल्या जास्तीच्या काढून टाकणं, हेच तिचं सध्याचं काम होतं.

"समद्या ठेवल्या तर एक बी काडी जाड व्हत नाय," ती म्हणाली.

"पण कुठली ठेवायची, हे कळतं कसं?"

"काढता काढताच कळतं. मी पहिल्यांदा चांगल्याच काढल्या, मुकादम लय वरडला. पण दुसऱ्यानं काढून दिल्या तर आपल्याला कधी कळायचं?"

बाई मनातल्या मनात ओशाळल्या. सगळी मेहनत त्यांनीच केली होती, पोरीला करायला काही ठेवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच कागद चैतालीपुढे पसरला. "पाच फांद्या ठेव. बाकीच्या खोड."

बाईंनी काढलेलं खोडायचं? चैतालीचा हातच उचलेना. शेवटी धीर करून तिनं खोडायला घेतलं, ते थेट गोष्टीतल्या नायकालाच. बाईंनी टोकलं नाही. "आता सांग गोष्ट," एवढंच म्हणाल्या. चैताली दोन वाक्यांत अडली. कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हा लागतो."

असे अकरा उतारे झाले. शेवटचे चार नकाशे तर तिनं स्वतःच काढले आणि स्वतःच विरळ केले.

फेरपरीक्षेतल्या उताऱ्यात एक आई मुलाला शिक्षणासाठी मामाच्या गावी सोडून येते. प्रश्न होता, 'निघताना आईने मागे वळून का पाहिले नाही?' उत्तर उताऱ्यात कुठेच नव्हतं. चैतालीचा पेपर तपासताना बाईंनी हातातला लाल पेन खाली ठेवला आणि तिचं उत्तर पुन्हा वाचलं.

निकालाच्या दिवशी मायलेकी शाळेत आल्या. "पास झाली," बाई म्हणाल्या, "आणि हे तिनं काय लिहिलंय ते ऐका." त्यांनी उतारा आणि प्रश्न वाचला. मग उत्तर वाचलं: 'वळली असती तर तिने त्याला परत नेलं असतं.'

झुंबरबाई हळूच म्हणाली, "हे त्यात लिवलं व्हतं?"

"नाही. तिचं तिनं ओळखलं."

झुंबरबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती लपवली नाही. लेकीकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे तुला बागेत नेईन म्हणले, तवा माझ्या जिवाला काय व्हत व्हतं, ते बी तुला कळलं असंल."

चैतालीनं मान डोलावली.