कानामागची चामखीळ

"सर, मेण जर वितळूनच जाणार, तर एवढं घासूनपुसून करायचं कशाला?"

प्रश्न मागच्या बाकावरून आला. ब्राँझ शिकवायला घेतलं की तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"अरे, मेणावर साचा चढवायचा. साचा भट्टीत तापला की मेण निघून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. म्हणजे मेणात जे असेल तेच ब्राँझमध्ये उतरणार. मेणातला दोष मेणातच काढा, नंतर छिन्नी घेऊन रडत बसू नका. किती वेळा घसा कोरडा करू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात ही मंडळी पटाईत. पुढच्या तासाला कुणाच्या पुतळ्याच्या नाकावर अंगठ्याचा ठसा, कुणाच्या गालावर बुडबुडा.

टेबलावर माझ्या बायकोचं मेणातलं डोकं होतं. ती जाऊन वर्ष होत आलं. तिला समोर बसवून मी ते मातीत केलं होतं. त्यावरून घेतलेल्या प्लास्टरच्या साच्यातून हे एकच मेण निघालं आणि साचा फुटला. कॉलेजची भट्टी वर्षातून एकदाच पेटते. या खेपेला मुलांच्या कामांबरोबर तिलाही ओतून घ्यायचं होतं. घर खायला उठतं हो; निदान चेहरा तरी घरात हवा.

चहा पिऊन परत येतो, तर खारूताई गरम सुरी घेऊन त्या डोक्यामागे उभी. वर्गातली सगळ्यात चुळबुळी मुलगी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

"सर, कानामागे मेणाची गोळी राहिली होती. काढून टाकली. बघा, कसं गुळगुळीत झालंय!"

एवढ्या वर्षांत माझं बोलणं कुणी मनावर घेतलं नव्हतं. घेतलं ते नेमकं इथे!

"अगं बाई, ती चामखीळ होती! तिची!"

मातीकाम चाललं होतं तेव्हा बायकोनेच बजावलं होतं, "अहो, कानामागची चामखीळ विसरू नका हं. नाहीतर दुसरीच कुणी वाटेन." "मागून कोण बघणार आहे?" असं कुरकुरत मी ती चिकटवली होती.

खारूताईचा चेहरा उतरला. "सर, मला खरंच माहीत नव्हतं..."

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावायचा?"

"तुम्हीच म्हणालात ना, मेणातला दोष..."

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

मेणाचा कण चिमटीत मऊ केला, कानाजवळ नेला आणि हात थांबला. पाळीच्या खाली? की वर? घरात फोटो ढीगभर आहेत, पण कानामागचा फोटो कोण काढतं? जन्मभर ती माझ्याकडे पाठ करून झोपली, तरी मला आठवेना. फार लाज वाटली.

"कुठे होती गं?"

"इथे, सर. केसांना लागून. जराशी चपटी, एका अंगाला कललेली."

मी तो कण तिच्यापुढे धरला.

"मी लावू?" ती घाबरली.

"मग कोण? तूच पाहिलीस ती शेवटची."

तिने तो कण लावला, नखाने दाबला, एका अंगाला कलवला.

"सर, अशीच होती ना?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि हो म्हणालो.