वटवट्याच्या पायातला वाळा

मी एक जुना वाळा आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा! पण मित्रांनो, आकारावर जाऊ नका. तुमच्यापैकी कोणी उडत डोंगर ओलांडलेत का? मी ओलांडलेत.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला कापले, वळवले आणि अंगावर ३१७ हा आकडा ठोकला. मग भावंडांसोबत तारेत ओवून हैदराबादेहून टपालाने कमठाणा गावी धाडले. तिथे लिंगराज गुरुजी शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने पक्ष्यांना वाळे घालत. पाखरू कुठे जाते, तेच परत येते का, हे कळावे म्हणून. निजामाची राजवट संपून तेव्हा चारेक वर्षे झाली होती.

दिवाळीच्या सुमारास गावातले शेतकरी सिद्धप्पा यांच्या विहिरीजवळ, एका मोठ्या बाभळीखाली गुरुजींनी काळ्या रेशमी धाग्याचे जाळे लावले. ते इतके बारीक की पाखरांना दिसतच नसे. त्यात एक इवलासा वटवट्या सापडला, आणि मी त्याच्या पायात गेलो. काय तो पाय! काडीसारखा बारीक आणि सारखा थरथरणारा. मला तर आनंदाने वेड लागायचे बाकी होते.

तेवढ्यात सिद्धप्पा आले. ते म्हणाले, "गुरुजी, ही बाभूळ मी तोडायलोय. नवं औत करायचंय."

"अण्णा, उगादीच्या पाडव्यापर्यंत थांबा. हे पाखरू दक्षिणेला जायलंय. परतताना ह्याच बाभळीवर उतरंल."

"हेच? कशावरून?"

"वाळ्यावरचा आकडा बघून ठेवा."

सिद्धप्पांनी आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "उगादीच्या सांजेपर्यंत आलं तर बाभळीला हात लावणार न्हाई. न्हाई आलं तर मग मला अडवायचं न्हाई."

आणि आम्ही उडालो! नद्या, मळे, घनदाट रान, सगळे पाहिले. हिवाळाभर मला एकच घोर होता. हे पाखरू बाभूळ विसरले तर?

पण ते विसरले नाही हो! उगादीच्या पहाटे ते नेमके त्याच बाभळीवर उतरले. खाली जाळे लागलेच होते. मी मनात ओरडत होतो, "जा खाली, जा!"

तोच सिद्धप्पांच्या पत्नी नागव्वा आल्या. सणाला त्या औताला, मोटेला, गोठ्यालाही तोरण बांधत. हातात कडुलिंबाचे मोहोरलेले डहाळे होते. त्यांनी ते जाळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधले, वर हळद-कुंकू वाहिले आणि हात जोडले. झाले! न दिसणारे जाळे आता साऱ्या गावाला दिसू लागले.

गुरुजी धावत आले. "अक्का, हे काय केलंव? आता पाखरू जाळ्यात कसं यील?"

"सणाच्या दिवशी तुमचं जाळं तेवढं मोकळं कामून ठेवू, म्हणलं मी," नागव्वा रडकुंडीला आल्या. "चुकलं की ओ गुरुजी!"

आता तोरण सोडावे तर माणसांच्या वावराने पाखरे बुजणार. म्हणून सगळे लांब जाऊन बसले. एक एक पाखरू यायचे, तोरण बघायचे आणि वळायचे. दुपार कलली. सिद्धप्पा दगडावर कुऱ्हाड पाजळू लागले. मी पायात असूनही काही करू शकत नव्हतो. मला रडूच फुटले असते!

पण कडुलिंबाच्या मोहोरावर चिलटे जमली होती. ढगच्या ढग! माझ्या वटवट्याने मान वाकडी केली, पाहिले, आणि झेप घेतली. पहिले चिलट मटकावले, दुसरे मटकावले आणि तिसऱ्याच्या नादात गेला की जाळ्यात!

सगळे धावले. गुरुजींनी पाखरू जाळ्यातून अलगद सोडवले. सिद्धप्पांनी पाखराचा पाय उजेडाकडे धरला. "तीन... एक... सात. आगं नागव्वा, हेच हाय की गं!"

पाखराला नागव्वांनी आपल्या हाताने सोडले. तो क्षण मी कधी विसरणार नाही.

पुढे दोन वर्षांनी मी झिजलो, तेव्हा गुरुजींनी त्या पायात नवा वाळा घातला. मी आता शाळेच्या कपाटात धूळ खात पडून आहे. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, एखाद्या झाडावर घाव घालण्याआधी वर जरा बघा. कोणीतरी फार लांबून तेच झाड शोधत येत असते.

पाखरू परतले त्या साली सिद्धप्पांनी तडकलेल्या जुन्या औताला लोखंडी पट्टी ठोकली आणि त्यावरच पेरणीआधीची नांगरट केली. लोक हसून विचारत, "घरची एवढी बाभूळ असताना हे कामून?"

सिद्धप्पा म्हणत, "तिच्यावर पाहुणे उतरतेत."