आता एकदा बटण बंद करा

मी राउटर बोलतोय. धायरीच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या कपाटावर, क्रोशाच्या रुमालावर बसलेला. दोन शिंगं आणि चार हिरवे दिवे, एवढंच माझं रूप. घरात इंटरनेट येतं ते माझ्यातून, पण ते बंद पडल्याशिवाय कुणाला माझी आठवण होत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते यज्ञेश्वररावांच्या घरात. यज्ञेश्वरराव मूळचे पेठेतले, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्तीनंतर इकडे आलेले. भाजी मात्र अजून मंडईतूनच आणायची, आणि घराबाहेर पडताना किंवा दुपारी आडवं होताना एकूण एक बटण बंद करायचं, हा त्यांचा नेम. "उगाच जळतंय कशाला?" म्हणायचे. त्यांनी बटण दाबलं की मी ठार आंधळा.

त्यांची बायको नीरजाबाई. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेली. बोलायचे ते फक्त डोळे, आणि ते सारखे दाराकडे. मुलगा आमोद अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत. आईचं कळलं तेव्हा धावत आला, चार दिवस उशाशी बसला आणि जाताना तिच्या खाटेसमोर एक कॅमेरा लावून गेला. "आई, तिकडून रोज बघीन तुला," म्हणाला. मग तिकडे त्याची कंपनी बुडाली, व्हिसाचे कागद अडकले. निघाला असता तर परत जाता आलं नसतं, आणि औषधपाणी सगळं त्याच्याच जिवावर. आईला बघायचं तर तेवढा कॅमेराच उरला.

आता माझं काम सांगतो. बाहेरून आलेल्या कुणालाही मी असा घरात घेत नाही, दारातच अडवतो. म्हणून आमोदने माझ्याकडे एक नियम लिहून ठेवला होता, की त्याची टकटक झाली तर त्याला दुसऱ्या क्रमांकाकडे न्यायचं. याला म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग. घरातल्या यंत्रांना क्रमांक मीच वाटतो, रेशनच्या रांगेसारखे, आधी येईल त्याला आधीचा. त्या दिवशी कॉम्प्युटर आधीपासून चालू होता, तो पहिला. कॅमेरा मागून आला, तो दुसरा. पण वीज गेली की वाटलेले क्रमांक मी विसरतो. नियम मात्र विसरत नाही. क्रमांक कायमचा बांधून द्यायची सोय माझ्यात होती, निघायच्या गडबडीत आमोदकडून ती राहून गेली.

तो विमानात असतानाच इथे दुपार झाली आणि यज्ञेश्वररावांनी आत-बाहेरची सगळी बटणं बंद केली. उठल्यावर आधी बायकोच्या खोलीतला कॅमेरा लावला, मग मला, आणि कॉम्प्युटर सावकाश चहा झाल्यावर. झालं! कॅमेरा पहिला, कॉम्प्युटर दुसरा. आमोदने तिकडून टकटक केली, मी इमानेइतबारे त्याला कॉम्प्युटरकडे नेलं. त्या ठोंब्याला काय कळणार? त्याने दार उघडलं नाही.

मग फोन सुरू झाले, यज्ञेश्वररावांच्या साध्या, बिनकॅमेऱ्याच्या मोबाइलवर. यज्ञेश्वरराव हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बघून सांगायचे, अरे, इथे तर छान दिसतेय. आमोद विचारायचा, मधे काही बदललंत का?

"मी कशाला हात लावतोय? मला काय कळतंय त्यातलं?"

खोटं बोलत नव्हते हो ते. बटण बंद करणं म्हणजे हात लावणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. इंटरनेट कंपनीच्या माणसाने सांगितलं, सगळं बंद करून परत चालू करा. त्यांनी केलं, अगदी मन लावून, त्यांच्या नेहमीच्या क्रमाने. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अहो, आधी कॉम्प्युटर लावा! पण माझे नुसतेच दिवे. लुकलुकण्याला कोण विचारतो?

आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवा.

आमोदचा फोन आला. यज्ञेश्वररावांनी सगळं बंद केलं, परत चालू केलं. कॅमेरा उचलून बायकोच्या तोंडासमोर धरला. पोराची टकटकीवर टकटक होत होती आणि मी प्रत्येक वेळी त्याला चुकीच्या दाराशी नेऊन उभं करत होतो. माझ्यासारखा हतभागी मीच.

"ती बघतेय रे तुझ्याकडे. तुला दिसतेय ना?"

माझ्या दाराशी आणखी एक टकटक झाली, तीही मी कॉम्प्युटरकडेच नेली.

"हो बाबा. दिसतेय आई."

"नीरजा, ऐकलंस ना? बघतोय तो."

नीरजाबाईंनी डोळे मिटले ते समाधानाने. या घरातून त्या दिवशी एकही चित्र बाहेर गेलं नाही, हे फक्त मला आणि आमोदला ठाऊक आहे.

नंतर घर धुवायचं म्हणून सगळी वीज बंद केली गेली. वर्तमानपत्रात द्यायला बाईंचा फोटो हवा होता, म्हणून स्पृहाने, म्हणजे पुतणीने, मला आणि कॉम्प्युटरला लावलं. कॅमेऱ्याची आठवण यज्ञेश्वररावांना संध्याकाळी झाली. कॉम्प्युटर पहिला, कॅमेरा दुसरा. थोड्या वेळाने टकटक झाली. सवयीने केली असेल बिचाऱ्याने. मी त्याला आत नेलं आणि पहिल्यांदाच बरोबर नेलं. समोर खाट, आणि तिच्यावर गुंडाळलेली गादी.

तेव्हापासून यज्ञेश्वरराव कुठलंच बटण बंद करत नाहीत. मंडईत जाताना नाही, दुपारी नाही. दिवे गेले तर मला जगवायला एक बॅटरीही आणलीय. स्पृहाने विचारलं तर म्हणाले, असू दे गं, तेवढंच त्याला घर दिसतं. आमोद रोज येतो. रिकामी खाट बघतो, जातो. वडिलांना तो काही सांगत नाही.

मी आता म्हातारा झालोय, अंग तापतं, एक दिवा गेलाय. माझं एवढंच मागणं आहे. यज्ञेश्वरराव, इतकी वर्षं नको तेव्हा बंद केलंत मला. आज दुपारी आडवे व्हाल, तेव्हा आठवणीने करा. उठलात की तुमच्या क्रमाने लावा, आधी कॅमेरा, मग मला, कॉम्प्युटर चहानंतर. त्या पोराला पुन्हा रस्ता चुकू दे.